मेलच्या खिडकीतून रोजचं वाचन: थंडरबर्डचं परीक्षण

थंडरबर्ड हे मोझिलाच्या घरातलं मेलचं सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, फुकट आहे, आणि वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर उभं आहे. २००४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात फीड, म्हणजे संकेतस्थळांच्या ताज्या मजकुराच्या याद्या, वाचायची सोय आहे. पण वर्षानुवर्षं थंडरबर्डवर मेल बघणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. हे परीक्षण त्या सोयीचं, आणि जोडीला न्यूजलेटरांचं. गोव्यात बसून मराठी वाचणाऱ्या माणसाचा रोजचा पसारा साधारण असा असतो: दहा-पंधरा संकेतस्थळं, दोन-चार सरकारी सूचनांची पानं, काही यूट्यूब वाहिन्या, आठवड्याला पाच-सहा न्यूजलेटरं. एवढं सगळं एका खिडकीत नीट मावतं का, हे बघायचं आहे.

मत आधीच सांगतो. घरी किंवा कचेरीत ठरलेल्या एका संगणकावर वाचणाऱ्याने दुसरं काही शोधू नये. सगळं वाचन फोनवरच करणाऱ्याचं मात्र यावर भागणार नाही.

फीड म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ताज्या मजकुराची ठरलेल्या साच्यात ठेवलेली यादी. तो साचा आरएसएस २.० चा असतो, नाहीतर ॲटमचा. पहिला २००२ चा, दुसरा २००५ चा. गूगलचा फीडवाचक, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा बऱ्याच जणांनी फीड संपलं असं धरलं. ते संपलेलं नाही. रिझर्व्ह बँक, सेबी, पत्र सूचना कार्यालय यांची फीड आहेत. मडगावातल्या कर सल्लागाराला परिपत्रक निघालं की नाही हे बघायला रोज तीन संकेतस्थळं उघडावी लागत नाहीत. आणि यादीचा क्रम तारखेचा असतो. कुणाला काय दाखवायचं हे मधलं कुणी ठरवत नाही.

मांडणी करायला पंधरा मिनिटं पुरतात. 'आल्ट' कळ दाबली की वर मेनूची पट्टी दिसते. तिथे 'फाइल', मग 'न्यू', मग 'फीड अकाउंट'. खात्याला काहीही नाव द्या, 'वाचन' पुरे. डाव्या यादीत ते खातं आलं की त्यावर उजवी क्लिक करून 'सबस्क्राइब' निवडा, उघडलेल्या खिडकीत फीडचा पत्ता चिकटवा आणि 'ॲड' दाबा. खरी मेहनत पत्ता सापडण्यात आहे, कारण हल्ली बहुतेक संकेतस्थळांनी फीडचं नारिंगी चिन्ह काढून टाकलंय. वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेलं संकेतस्थळ असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. सबस्टॅक या न्यूजलेटर सेवेलाही हेच चालतं. ब्लॉगस्पॉटला 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डिफॉल्ट' हे तीन शब्द याच क्रमाने, मध्ये तिरक्या रेघा. एवढं करूनही जमलं नाही तर ब्राउझरमध्ये पान उघडून 'कंट्रोल' आणि 'यू' दाबा. पानाचा कच्चा मजकूर दिसेल, त्यात 'आरएसएस' किंवा 'ॲटम' हा शब्द इंग्रजीत शोधा. फीड असेल तर पत्ता तिथेच सापडतो. यूट्यूब वाहिनीचं फीडही असंच मिळतं, मात्र त्यात फक्त शेवटच्या १५ चित्रफिती असतात. भजन स्पर्धेच्या किंवा नाटकांच्या चित्रफिती टाकणाऱ्या वाहिनीला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

त्याच खिडकीत एक चौकट आहे: वेबपान न उघडता लेखाचा सारांश दाखवा, अशा अर्थाची. तिच्यावर खूण करायला विसरू नका. 'सारांश' हा शब्द इथे फसवा आहे. संकेतस्थळाने फीडमध्ये पूर्ण लेख दिला असेल तर पूर्ण लेखच दिसतो, जाहिराती आणि कुकीच्या पाट्या वगळून, साध्या मेलसारखा. खूण नसेल तर प्रत्येक वेळी अख्खं वेबपान उघडतं, आणि काही किलोबाइटच्या मजकुरासाठी काही मेगाबाइट खर्च होतात. सत्तरीत किंवा काणकोणात रेंज जात-येत असते, तिथे हा फरक लगेच जाणवतो: सकाळी रेंज असताना उतरलेले लेख दुपारी इंटरनेट नसतानाही वाचता येतात, फक्त चित्रं दिसत नाहीत. काही संकेतस्थळं फीडमध्ये पहिल्या दोन ओळी देऊन थांबतात. तिथे थंडरबर्डचा इलाज चालत नाही. दुव्यावर क्लिक करून ब्राउझरमध्येच जावं लागतं.

आता मुख्य उणीव. थंडरबर्ड फीड तपासतं ते संगणक चालू असेल तेव्हाच. मूळ अंतर १०० मिनिटांचं आहे आणि ते प्रत्येक फीडला वेगळं ठेवता येतं. दुसरीकडे, वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात फक्त १० लेख असतात. अकरावा आला की सर्वांत जुना बाहेर पडतो. दिवसाला चाळीस बातम्या टाकणारं संकेतस्थळ घ्या. त्याच्या दहा बातम्या सहा तासांत पालटतात. संध्याकाळी सातला संगणक बंद करून सकाळी नऊला चालू केलात तर मधल्या चौदा तासांत तेवीस-एक बातम्या येऊन गेलेल्या असतात, हाती लागतात दहा. बाकीच्या तेरा कुठेच दिसत नाहीत, आणि त्या चुकल्या असं थंडरबर्ड सांगतही नाही. यादी नेहमीसारखीच भरलेली दिसते, त्यामुळे हे महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. इंटरनेटवर चालणाऱ्या फीडवाचक सेवा रात्रंदिवस तपासत राहतात; या एका बाबतीत त्या सरस आहेत.

उपाय आहेत. एक म्हणजे मुख्य फीडऐवजी विभागाचं फीड घेणं: वर्डप्रेसमध्ये विभागाच्या पानाच्या पत्त्यापुढेही 'फीड' जोडता येतं, आणि एका विभागात दिवसाला चार-पाचच बातम्या येतात. दुसरा उपाय जास्त भरवशाचा: भरभर पालटणारं संकेतस्थळ न्यूजलेटरने घ्या, सावकाश लिहिणारं फीडने. न्यूजलेटर ही मेल असते, ती सर्व्हरवर तुमची वाट बघत थांबते. चवथीला गावच्या घरी गेलात आणि पाच दिवस संगणक बंद राहिला, तरी परत आल्यावर न्यूजलेटरं जागेवर असतात, आणि महिन्याला दोन लेख टाकणाऱ्या ब्लॉगचं फीडही तसंच असतं. चुकतं ते फक्त भरधाव फीड. ही विभागणी केली की निम्म्या तक्रारी मिटतात.

थंडरबर्डची खरी ताकद त्याच्या फिल्टरांत आहे. मेलला लागणारे फिल्टर फीडलाही लागतात. 'टूल्स', 'मेसेज फिल्टर्स', वर फीडचं खातं निवडा, 'न्यू'. अट लिहा: विषयात अमुक शब्द असेल तर तारा द्या, टॅग लावा किंवा दुसऱ्या फोल्डरात हलवा. महाराष्ट्राच्या मोठ्या फीडांतून गोव्यापुरतं वेचायचं असेल तर हेच हत्यार. पण फिल्टर अक्षरं जुळवतो, मराठी व्याकरण त्याला कळत नाही. 'म्हापसा' असा शब्द घातलात तर 'म्हापशात आग' ही बातमी निसटते, कारण सामान्यरूपात 'सा'चा 'शा' होतो. 'फोंडा' घातलं तर 'फोंड्यात' सुटतं, 'पेडणे' घातलं तर 'पेडण्यात'. म्हणून न बदलणारा तुकडाच द्यायचा: 'म्हाप', 'फोंड', 'पेडण'. मडगाव, काणकोण, वाळपई, डिचोली, पणजी यांना प्रत्यय नुसता मागे जोडला जातो, ती पूर्ण घातली तरी चालतात.

तुकडा फार आखूड केला तर भलतंच येतं. 'गोव' असा फिल्टर लावला की गोवर, गोवंश आणि गोवर्धन पूजा सगळं आत. त्याऐवजी 'गोवा', 'गोव्य', 'गोवे' अशा तीन अटी द्या आणि वर 'मॅच ॲनी' निवडा, म्हणजे गोवा, गोव्यात, गोवेकर तिन्ही सापडतात. 'गोमंतक' आणि 'गोमन्तक' ही दोन्ही रूपं छापली जातात, दोन्ही घालावी लागतात. 'फोंड'मुळे सिंधुदुर्गातलं फोंडाघाट येतं. 'साखळी' या गावाच्या नावामुळे साखळी उपोषण आणि साखळी सामने येतात. त्यांच्यासाठी 'साखळी उपोषण' आणि 'साखळी साम' अशी नेमकी अट देऊन वेगळा फिल्टर यादीत वर ठेवा आणि त्याला 'फिल्टर इथेच थांबवा' ही कृती द्या.

सर्वांत चकवणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. 'किनाऱ्यावर' या शब्दातलं अर्धं र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच. फिल्टरला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. तुमचा कळफलक पहिली तऱ्हा उमटवत असेल आणि संकेतस्थळ दुसरी वापरत असेल, तर फिल्टर बरोबर असूनही एकही बातमी पकडत नाही. माणूस तासभर अटी तपासत बसतो. 'किना' एवढंच द्या. किनारा, किनारपट्टी, किनाऱ्यावर सगळं सापडतं. शेतकऱ्यांसाठी 'शेतक', वाऱ्यापावसासाठी 'वादळ' किंवा 'पाऊस' आणि 'पावस' वेगवेगळे. फिल्टर लिहून झाला की 'रन नाऊ' दाबून जुन्या लेखांवर चालवून बघा, मगच त्यावर विसंबा.

न्यूजलेटरांकडे वळू. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर फिल्टर लावायची सवय असते, पण तो पत्ता बदलू शकतो. मेलच्या आत 'लिस्ट आयडी' नावाची एक शीर्षओळ बहुतेक न्यूजलेटरांत असते, ती सहसा बदलत नाही. मेल उघडून 'कंट्रोल' आणि 'यू' दाबा, ती ओळ शोधा, त्यातला कोनदार कंसातला मजकूर उचला. फिल्टरमध्ये 'सब्जेक्ट'च्या जागी यादीच्या तळाचं 'कस्टमाइझ' निवडून 'लिस्ट आयडी' ही ओळ इंग्रजीत, मध्ये आडवी रेघ देऊन जोडा. दहा मिनिटांचं काम आहे. पण हा फिल्टर थंडरबर्ड उघडं असतानाच चालतो, तोवर फोनवर सगळी न्यूजलेटरं इनबॉक्समध्येच दिसणार. फोनही आवरलेला हवा असेल तर फिल्टर मेलसेवेतच लावा. जीमेलमध्ये लेबल लावून 'इनबॉक्स वगळा' केलं की तेच लेबल थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणून उमटतं. उमटलं नाही तर जीमेलच्या लेबलांच्या सेटिंगमध्ये त्या लेबलापुढे 'आयमॅपमध्ये दाखवा' ही खूण आहे का ते बघा (आयमॅप म्हणजे सर्व्हरवरची मेल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवायची पद्धत).

मराठी न्यूजलेटर वाचायला थंडरबर्ड जीमेलपेक्षा बरं, याला एक साधं तांत्रिक कारण आहे. जीमेल १०२ किलोबाइटच्या पुढची मेल कापतं आणि तळाशी 'पूर्ण संदेश बघा' असा दुवा देतं. देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमनच्या अक्षराला एक. म्हणजे तेवढ्याच लांबीचं मराठी न्यूजलेटर कात्रीच्या धारेशी फार लवकर पोचतं, आणि कापला जातो तो नेमका शेवटचा भाग, ज्यात सदस्यत्व रद्द करायचा दुवाही असतो. थंडरबर्ड काही कापत नाही. शिवाय मेलमधली बाहेरची चित्रं ते मुळातच अडवतं. मेल कधी, किती वेळा उघडली हे मोजायला न्यूजलेटरांत एक बिंदूएवढं चित्र ठेवलेलं असतं, ते त्यामुळे उतरतच नाही. ज्याची चित्रं हवीत त्याला वरच्या पट्टीतून परवानगी द्या. दुव्यांवरची मोजदाद मात्र याने थांबत नाही. आणि फीडमधल्या लेखांची चित्रं अडवली जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सगळं उभं राहिलं की एक 'सेव्ह्ड सर्च' फोल्डर करा. 'फाइल', 'न्यू', 'सेव्ह्ड सर्च'. त्यात फीडची फोल्डरं आणि न्यूजलेटरांचं फोल्डर दोन्ही निवडा. अटी दोन: न वाचलेलं, आणि वय तीन दिवसांहून कमी. नाव 'आजचं वाचन'. यात मजकूर हलत नाही, फक्त एकत्र दिसतो. सकाळी हे एकच फोल्डर उघडायचं. फीड आणि मेल असे दोन खण मनात ठेवावे लागत नाहीत, आणि ही सोय मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये फीड वाचण्याचं सर्वांत मोठं समर्थन आहे.

बिघाडांविषयी. 'वैध फीड नाही' असा संदेश आला तर तोच पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. तिथे 'तुम्ही माणूस आहात का' असं विचारणारं पान आलं तर संकेतस्थळाचा पहारेकरी थंडरबर्डला अडवतोय; संकेतस्थळ चालवणाऱ्याला कळवण्यापलीकडे इलाज नाही. ब्राउझरमध्ये यादी नीट दिसली आणि तरी थंडरबर्ड नाकारत असेल तर संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासा. आणि ब्राउझर स्वतःच 'एक्सएमएल' (फीड ज्या भाषेत लिहितात ती) चुकल्याचं सांगत असेल तर बहुधा फीडच्या अगदी सुरुवातीला एक रिकामी ओळ आलेली असते. वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनच्या (जोड-सॉफ्टवेअरच्या) फायलीत शेवटी पडलेली मोकळी जागा एवढं करायला पुरते. थंडरबर्ड याबाबत कडक आहे, अख्खं फीड नाकारतं.

मराठीऐवजी चित्रविचित्र रोमन चिन्हं दिसली तर 'व्ह्यू' मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' वापरून बघा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात छापलेलं संकेतस्थळ असेल तर त्याने काही होणार नाही. अक्षर बारीक वाटतंय? 'सेटिंग्ज', 'जनरल', फाँटांच्या भागातलं 'ॲडव्हान्स्ड', वर 'देवनागरी' निवडा. विंडोजवर निर्मला, लिनक्सवर नोटो, आकार १८. लॅटिनचा आकार वाढवून देवनागरीचा वाढत नाही, त्यामुळे वर भाषा निवडणं चुकवू नका.

पावसाळ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर फोल्डरची सूची बिघडू शकते: लेख दिसतात पण उघडत नाहीत, किंवा एकाचं शीर्षक आणि दुसऱ्याचा मजकूर. फोल्डरवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. लेख जात नाहीत, फक्त सूची नव्याने बनते. जागेचं म्हणाल तर मुळात थंडरबर्ड काहीच आपणहून पुसत नाही. त्याच 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिटेन्शन पॉलिसी' आहे, तिथे ६० दिवसांहून जुनं पुसा असं ठेवा आणि तारा दिलेलं राखून ठेवायची खूण करा. पुसलेल्याची जागा 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच मोकळी होते. महिन्यातून एकदा सदस्यत्वांच्या खिडकीतून 'एक्स्पोर्ट' करून सगळ्या फीडच्या पत्त्यांची ओपीएमएल फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. संगणक बदलला तरी सगळी यादी एका 'इम्पोर्ट'मध्ये परत येते, आणि दुसरं कुठलंही फीडवाचक ती वाचू शकतं.

पर्याय थोडे आहेत. विवाल्डी ब्राउझरमध्ये २०२२ पासून मेल आणि फीड दोन्ही आहेत. ब्राउझर बदलायची तयारी असेल तर जरूर बघा. जुन्या आउटलुकमध्ये फीड आहे, नव्यात नाही. ॲपलच्या मेलमधून ते २०१२ मध्येच काढलं गेलं.

राहिला फोन. अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड २०२४ च्या ऑक्टोबरात आलं, ते मेलपुरतं आहे, फीड त्यात नाही. संगणकावरची फीडही आपोआप फोनवर जात नाहीत. पण आयमॅप खात्यात 'वाचायचं' नावाचं एक फोल्डर करा आणि फीडमधला लांब लेख माउसने ओढून त्यात टाका. लेख मेल बनून सर्व्हरवर चढतो आणि फोनवरच्या मेल ॲपमध्ये दिसतो. पूर्ण मजकुराचं फीड असेल तर निघण्याआधी ते फोल्डर फोनवर एकदा उघडून लेख उतरवून घ्या. मग चोडणच्या फेरीबोटीत रेंज गेली तरी वाचन चालू राहतं.